पिराजीचा पोरगा, वय वर्षे सात

"पाक आन् माणूस, दोन्ही मी नुसत्या नजरंनं वळखतो!" असं पिराजी छाती पुढं काढून सांगायचा. पाकाचं खरं होतं. उचगावात गणपतरावांच्या गुऱ्हाळावर तो गुळव्या होता. काहिलीत, म्हणजे भल्यामोठ्या कढईत, उसाचा रस उकळून घट्ट व्हायला लागला की पिराजी एक डोळा मिटायचा, दुसऱ्यानं रोखून बघायचा आणि "उतरा!" म्हणून असा ओरडायचा की घाण्याचे बैलसुद्धा जागच्या जागी थांबायचे. त्या एका आरोळीवर अख्ख्या हंगामाचा गूळ अवलंबून! माणसं ओळखण्याच्या बाबतीत मात्र सगळा आनंदच होता. स्वतःच्या पोराच्या वयावरून त्यानं जो घोळ घातला, तो उचगावात पुढं कैक वर्षं चवीनं सांगितला जायचा. सांगणारा बहुतेक वेळा पिराजीच असायचा. याला त्याचा मोठेपणा म्हणा, नाहीतर दुसऱ्यानं तिखटमीठ लावण्याआधी आपणच सांगून मोकळं व्हायची हुशारी म्हणा!

त्याला एकच पोरगा, गुंडू. वय तीन. घरातली म्हातारी माणसं मानमोडीच्या तापाच्या साथीत गेलेली. बायको शालू गुऱ्हाळावरच काहिलीखालच्या चुलवाणात चिपाडं घालायला. मग गुंडूही तिथंच. एकीकडं धगधगतं चुलवाण, दुसरीकडं गरगरणारा घाणा, आणि मधे हा! हाताला लागेल ते काहिलीत टाकायचं, एवढाच त्याला नाद. आधी त्यानं स्वतःची टोपी टाकली. मग गणपतरावांचं एक पायताण टाकलं. त्या दिवशीचा गूळ गणपतरावांनी कुठल्या व्यापाऱ्याच्या गळ्यात मारला, हे त्यांनी मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. पण एक दिवस गुंडू स्वतःच काहिलीच्या काठावर ओणवा झाला. शालूनं झेप घेऊन लंगोटाला धरून मागं ओढला, म्हणून वाचला. दिवसभर तिनं त्याला पदराच्या टोकाला बांधून ठेवला.

गणपतराव गरजले, "पिराजी, उद्यापास्नं ह्यो पोरगा हितं दिसला तर तूबी दिसायचं न्हाय! दुसरा गुळव्या आनीन मी!"

"सोय करतो की मालक! ह्यात काय अवघड हाय?"

सोय शेजारीच होती. अंबूबाई. रोजच्या गुळाच्या खड्यावर ती पोरगं सांभाळायला तयार झाली. "पोरगं काय घिऊन बसलाईस? मी गावचं गाव सांभाळीन!" म्हणाली. संध्याकाळी पिराजी परत येतो तो अंबूबाई बाजेवर घोरते आहे आणि गुंडू तिच्या शेळीला तंबाखूची चंची खाऊ घालतो आहे! शेळीनं नंतर चार परसांतली भाजी तुडवली, देवळाला प्रदक्षिणा घातल्या आणि शेवटी पाटलांच्या अंथरुणात जाऊन निजली. दुसऱ्या दिवशी अंबूबाईनं दोन खडे मागितले, एक पोराचा आणि एक शेळीच्या औषधाचा. तो विषय तिथंच मिटला.

आणि मग पिराजीच्या डोक्यात ती कल्पना आली!

त्या सुमारास संस्थानात महाराजांनी फुकट आणि सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला होता. सात वर्षांवरचं पोरगं शाळेत आलंच पाहिजे, नाहीतर बापाला दंड. झालं! उचगावातल्या पोरांची वयं भराभर कमी व्हायला लागली. मीरासाब मास्तर दारोदार फिरून घसा कोरडा करायचे.

"ह्यो व्हय? ह्यो पाचच वर्साचा हाय की, मास्तर!" असं ज्याच्याबद्दल सांगितलं जायचं, त्याला चांगली मिसरूड फुटलेली असायची. लोकांचंही बरोबर होतं. थोरली पोरं शाळेत गेली तर शेळ्या कोण राखणार, बैल कोण हाकणार आणि कडेवरची धाकटी कोण सांभाळणार?

पिराजी मात्र उलट्या अंगानं विचार करत होता.

"शाळा म्हंजी काय गं, शालू? सकाळी पोरगं द्यायचं, सांजंला आनायचं. वर छप्पर, मधी मास्तर, आन् समदं फुकाट! पोरं सांभाळायला ह्येच्यापरास झ्याक जागा हाय का कुठं?"

"अवो, पर सात वर्सं लागत्यात. आपला तीन वर्साचा हाय."

"मास्तराला काय कळतंय? कच्चा पाक पक्का म्हणून कसा खपवायचा, ते गुळव्याला इचार!"

"कच्च्या पाकाचा गूळ पाघळतो," शालू एवढंच म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

दुसऱ्या दिवशी शाळेत मीरासाब मास्तरांनी गुंडूकडं पाहिलं. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"सात?"

"सरून गेली असतील, मास्तर!"

"उजवा हात डोक्यावरनं घिऊन डाव्या कानाला लावायला सांगा बघू."

वय ओळखायची ही त्यांची कसोटी. गुंडूचा हात कसाबसा टाळूपर्यंत पोचला आणि तिथं त्यानं डोकं खाजवलं.

"हात जरा आखूड हायती," पिराजी म्हणाला. "आमच्या घराण्यातच हायती तसं."

"आन् हे दात दुधाचे दिसत्यात!"

"म्हशीचं दूध, मास्तर. लई टिकत्यात!"

मास्तरांनी हजेरीचं बुक उघडलं. वय वाढवून सांगणारा बाप त्यांना अख्ख्या गावात पहिल्यांदाच भेटला होता. त्यांना भरून आलं. शेवटी म्हणाले, "बाप सांगतोय सात, तर सात. बसीव बिगरीत!"

पुढचे काही दिवस काय सुखाचे गेले! बिगरीत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या त्या वर्गात, पोरं थोडीच. गुंडू मास्तरांच्या मांडीवर झोपायचा, उठला की पाटी चाटायचा. पिराजीला आपल्या अकलेचं इतकं कौतुक वाटायला लागलं की गूळ न्यायला आलेल्या कागलच्या गाडीवानालाही त्यानं ऐकवलं, "माझा पोरगा सात वर्साचा हाय, पावणं! शाळंत जातोय!"

गाडीवान गूळ घेऊन कागलला गेला, आणि त्याबरोबर ही बातमीही.

आता कागलला कोण राहत होतं? शालूची आई, तानाबाई! गुंडू तिच्याच घरी, तिच्याच हातावर जन्मलेला. आपला नातू तीन वर्षांचा आहे हे तिला पक्कं ठाऊक. मग जावयाचं हे सात वर्षांचं पोरगं आलं कुठनं? शालूचं लग्न होऊन तर पाचच वर्षं झाली होती! तानाबाईनं हिशेब घातला, कपाळ बडवलं, आणि भावाला हाक मारली. भाऊ हंबीरराव फार बोलायचा नाही. त्याच्या वतीनं त्याची काठी बोलायची.

दोघं उचगावात आली, नेमक्या त्याच दिवशी शाळेत तपासणीचे साहेब आले होते. मीरासाब मास्तरांनी पिराजीला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. "साहेब, पोराला आपणहून शाळेत आणून घालणारा हा गावातला एकमेव बाप!" असं म्हणून त्यांनी झेंडूचा हार पुढं केला. दाराखिडक्यांत निम्मं गाव जमलं होतं. पिराजीनं मान वाकवली. हार गळ्यात पडतोय न पडतोय, तोच दारात तानाबाई!

"कुठाय त्ये सात वर्साचं?"

"ह्ये काय, मामी," पिराजीनं गुंडूकडं बोट दाखवलं. आवाज त्यानं खणखणीत ठेवला.

"ह्यो माझा गुंडू! तीन वर्साचा! मी त्या दुसऱ्याचं इचारतीया!"

"दुसरं कंचं?"

"मला इचारतोस? हुपरीच्या गुऱ्हाळावर गेलतास न्हवं लग्नाच्या आदी? तिथली कोण त्ये सांग! माझ्या लेकीला सवतीवर आनलीस व्हय रं मुडद्या?"

हंबीररावानं काठी नुसती या हातातनं त्या हातात घेतली.

साहेबांनी कपाळाला आठी घातली. "मुलाचं वय नक्की किती?"

पिराजी मनातल्या मनात हिशेब घालायला लागला. सात म्हणावं तर सासू आत्ताच्या आत्ता शालूला घेऊन कागलला जाणार. तीन म्हणावं तर गुंडू शाळेबाहेर, परत काहिलीच्या काठावर, आणि आपली गुळव्याची जागा दुसऱ्याला! कुणीतरी निरोप दिल्यानं शालूही धावत आली होती. तोंडाला चुलवाणाची काजळी. ती नवऱ्याकडं बघत राहिली. त्या बघण्यानं पिराजीच्या काळजाचं पाणी पाणी झालं. त्यानं सवयीनं एक डोळा मिटला आणि गुऱ्हाळावरच्या आवाजात ओरडला,

"तीन! तीन वर्साचा हाय, साहेब! मला बायको एकच, पोरगंबी एकच! सांभाळायला कोण न्हाय म्हणून सात सांगितलं! हुपरीत माझं काय ऱ्हायलं असंल तर एक तुटकं पायताण, दुसरं कायबी न्हाय!"



"पाघळला," शालू म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की तानाबाईलाही हसू आवरेना. हंबीररावानं काठी भिंतीला टेकवली.

साहेब मात्र हसले नाहीत. "मास्तर, या गावात तीनचे सात होतात. मग सातचे तीन किती झाले असतील?"

बाहेर जमलेल्या बापांनी पिराजीकडं असं पाहिलं की त्याला हंबीररावाची काठी बरी वाटली! दुपारी सगळी पोरं चावडीपुढं उभी केली. उजवा हात, डावा कान! काहींनी हात कानाला पोचू नये म्हणून मान वाकडी केली, एकानं तर हात मोडल्याचं सांगितलं. पण साहेब कसले सोडताहेत! मिसरूडवाल्या 'पाच वर्षां'च्या पोरांसकट सगळे सापडले. गणपतरावांचा घाण्यावरचा पुतण्याही सापडला.

दुसऱ्या दिवशी शाळा भरली. अगदी ओसंडून भरली! कारण प्रत्येक थोरलं पोरगं कडेवर एकेक धाकटं घेऊन आलं होतं. मास्तर 'ग' काढायचे, आणि सगळ्यांच्या कडेवरून 'आं' निघायचा. दुपारपर्यंत मास्तरांचा आवाज बसला आणि संध्याकाळी गाव चावडीवर बसलं.

"ह्या पिराज्यामुळं समदं झालं!"

"मग त्योच सांभाळू दे की समद्यांची!" अंबूबाई म्हणाली. तिच्या शेळीचा राग अजून गेला नव्हता.

गावाला हे फार पटलं. पिराजीनं शेवटचा हुकमाचा पत्ता टाकला. "मी सांभाळतो की! पर मालक, काहील कोण उतरवणार? पाकाला नजर लागती!"

गणपतराव विचारात पडले. तेवढ्यात मागून शालूचा आवाज आला. "मी उतरवती की. ह्यांची आरोळी यायच्या आदी मी जाळ कमी करतीया रोज. म्हणून तर गूळ जमतोय!"

जाळ कोण कमी करतं, हे पिराजीनं आजवर कधी बघितलंच नव्हतं.

तेव्हापासून दर हंगामात काहिलीपाशी शालू उभी राहिली आणि शाळेच्या पडवीत पिराजी बसला. त्याच्या मांडीवर एक, पाठीवर दोन, आणि मिशीला लोंबकळणारं एक. मास्तरांनी त्या पडवीलाच बिगरी म्हणायला सुरुवात केली. त्या वर्षीचा गूळ आजवरचा सगळ्यांत चांगला झाला, असं गणपतराव सांगायचे. पिराजी समोर असला की जरा जास्तच मोठ्यानं सांगायचे.

पुढं गुंडू खरोखरच सात वर्षांचा झाला. उजव्या हातानं डावा कान ऐटीत धरून दाखवला आणि पहिलीच्या वर्गात जाऊन बसला. तेच साहेब पुन्हा तपासणीला आले. त्यांनी कौतुकानं विचारलं, "बाळ, तुझे वडील काय करतात?"

गुंडू उभा राहिला आणि पडवीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"मी पयलीत आलो, साहेब. पर आमचा बा अजून बिगरीतच हाय!"