सौम्य विसरा, नियमात बसा

नागभीडचे निवृत्त पोस्टमन खुशालराव एके दिवशी शेजारच्या घरात शिरून जेवायला बसले आणि भाजी अळणी झाली म्हणून तिथल्या बाईंना रागावले. तेव्हा बायको ठमाबाई त्यांना जिल्ह्याच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी अल्झायमर असल्याचं सांगितलं.

"मेंदूत साचलेला थर काढणारी नवी इंजेक्शनं आली आहेत. आजार जात नाही, सावकाश वाढतो, एवढंच. पण सुरुवातीलाच घ्यावी लागतात. योजनेतून मिळतील, घाई करा."

योजनेच्या खिडकीमागे वामनराव बाबू होते. आपण काय काय विसरतो, हे रुग्णाने स्वतः तोंडी सांगायचं, असा नियम होता. खुशालरावांनी घडाघडा बारा गोष्टी सांगितल्या.

"सगळंच तं आठवते तुमाले!" बाबूंनी शेरा मारला: स्मरणशक्ती उत्तम, सबब अपात्र.

तीन महिन्यांनी पुन्हा बोलावणं आलं. या खेपेला खुशालरावांना स्वतःचं नावही सांगता येईना. शेरा पडला: ओळख पटली नाही, सबब अपात्र.

ठमाबाई चिडल्या. "मंग आठवाचं का विसराचं, बाबूजी?"

"अर्धं अर्धं, बाई. नियमात 'सौम्य' लिहिलं आहे."

ठमाबाईंनी घरी सराव सुरू केला. नाव आठवाचं, गाव आठवाचं, सकाळी काय खाल्लं ते विसराचं. खुशालराव शहाण्या विद्यार्थ्यासारखी मान हलवायचे.

"सकाळी काय खाल्लं?"

"पोहे."

"अन् मी कोन?"

त्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं. मग अदबीने म्हणाले, "तुमचं पत्र नाई आलं, बाई."

ठमाबाई उठून चुलीपाशी गेल्या. त्या दिवशी सराव तिथेच थांबला.

तिसऱ्या खेपेला बाबू हळहळले. "आजार पुढं गेला. आता इंजेक्शनाचा उपयोग नाई. लवकर काऊन नाई आले?"

"दोनदा आलो ना!"

"तशी नोंद नाई."

दोघं बाहेर आले, तर पटांगणात मांडव. दवाखान्याच्या स्मृती-कक्षाचं उद्घाटन होतं. पाहुणे फीत कापत म्हणाले, "जिल्ह्यात प्रथमच!"

खुशालराव मोठ्यांदा बोलले, "मागच्या निवडणुकीत बी याचीच फीत कापली होती. त्याच्या आगुदर बी. निमंत्रणं मीच वाटली घरोघरी."

मांडवात हशा पिकला. "बिचाऱ्याचं डोकं गेलं," कोणीतरी म्हणालं.

ठमाबाईंनी त्यांचा हात धरून त्यांना बाहेर नेलं. मांडवातल्या एकालाही आधीचं काही आठवत नव्हतं. तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवणाऱ्या तुम्हा-आम्हालाही नाही.