डावा पाय, उजवं प्लास्टर

"अहो, दुखतोय डावा ना? मग प्लास्टर उजव्याला कसं?"

दवाखान्यातून येऊन पीटी मास्तर खाटेवर टेकले न टेकले तोच बायकोनं विचारलं. मास्तरांनी खाली पाहिलं. शाळेच्या मैदानावर तीस वर्षं 'डावा-उजवा, डावा-उजवा' ओरडून घसा फोडलेला माणूस! पण माळ्यावरची पेटी काढताना स्टुलावरून पडल्यापासून त्यांच्या डोळ्यांपुढे नुसते काजवे चमकत होते. उजवा पाय गुडघ्यापर्यंत पांढराशुभ्र झाला होता आणि डावा टम्म फुगून वाट बघत होता.

"चला, परत जाऊ. गल्लीच्या टोकालाच तर आहेत डॉक्टर," बायको म्हणाली.

तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ आला. तो कोर्टात टायपिस्ट होता. वकिलांचे अर्ज टाइप करून करून अर्धा कायदा त्याला पाठ झाला होता. उरलेला अर्धा तो मनानं रचत असे.

"प्लास्टरला हात लावायचा नाही, भाऊजी! पुरावा आहे तो. घसघशीत भरपाई मिळेल. आयुष्यभर बसून खाल."

"बसूनच खावं लागेल," बायको म्हणाली, "दोन्ही पाय गेल्यावर."

पण 'घसघशीत' हा शब्द मास्तरांच्या कानात शिरला होता. पुरावा जपत ते दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. हे हाडांचे मोठे डॉक्टर. त्यांनी डाव्या घोट्याला हात लावला मात्र, मेहुणा म्हणाला, "नीट बघा हं. आधीच्या डॉक्टरांवर केस करतोय आम्ही."

चटका बसावा तसा डॉक्टरांनी हात मागे घेतला आणि कागद ओढला. एक्स-रे, स्कॅन, रक्त, लघवी, हृदय, डोळे.

"डोळे कशाला?" मास्तर कळवळले.

"उद्या म्हणाल, फॉर्मवर काय लिहिलंय ते दिसलं नाही. मग मी काय करू?"

मास्तरांनी सात फॉर्मांवर सह्या केल्या. त्यातल्या एकावर, 'माझा डावा पाय हा माझाच असून तो डावाच आहे,' असं लिहून द्यावं लागलं. चाचण्यांचं बिल प्लास्टरच्या चौपट झालं. संध्याकाळी मास्तर घरी आले ते दोन्ही पाय प्लास्टरमध्ये घालून. त्यांना आत न्यायला चार माणसं लागली.

पुढचे दीड महिने ते पलंगावरून हुकूम सोडत होते आणि बायको ते हुकूम ऐकू येणार नाहीत अशा खोलीत काम करत होती.

मेहुण्यानं कोर्टातल्या एका वकिलाकरवी नोटीस धाडली. दुसऱ्याच दिवशी गल्लीच्या टोकाचे डॉक्टर ती हातात घेऊन स्वतः आले. "मास्तर, चूक माझीच. त्या दिवशी गर्दी फार होती. नाही कशाला म्हणू?"

एवढ्या सरळ माणसाशी भांडायचं कसं, हे कायद्यात नव्हतं. मेहुण्याचा हिरमोड झाला, पण डॉक्टरांच्या विमा कंपनीनं भरपाई दिली. त्यातून चाचण्या, हाडांचे डॉक्टर आणि वकील वजा जाता जे उरलं, त्यात एक प्रेशर कुकर आला. तोही मधल्या मापाचा. प्लास्टर निघालं तेव्हा डावा पाय ठणठणीत होता. ज्याला काहीच झालं नव्हतं तो उजवाच महिनाभर लंगडला.

पुढे थंडीत मास्तरांना खोकल्यानं धरलं. शिट्टी फुंकायला गेले की आधी खोकलाच वाजे. पण एव्हाना त्यांची कीर्ती दवाखान्या-दवाखान्यांत पोहोचली होती. एका डॉक्टरांनी त्यांना पाहताच अकरा चाचण्या लिहिल्या. दुसऱ्यांकडची बाई म्हणाली, "डॉक्टर बाहेरगावी गेलेत." त्याच क्षणी आतून डॉक्टर शिंकले.

पाच दिवस खोकून बरगड्या दुखायला लागल्या, तेव्हा बायको म्हणाली, "लाज गुंडाळून ठेवा आणि जा गल्लीच्या टोकाला."

मास्तर मान खाली घालून गेले.

"या मास्तर, बसा." डॉक्टरांनी छाती तपासली, घसा पाहिला आणि दोन गोळ्या लिहून दिल्या.

"चाचण्या?"

"साध्या खोकल्याला? छे!"

"पण... तुम्हाला माझी भीती नाही वाटत?"

"तुम्हाला जे करायचं ते करून झालंय. आता कसली भीती?"

मास्तरांना भरून आलं. त्यांनी नेहमीची फी टेबलावर ठेवली.

"दुप्पट झालीय," डॉक्टर हळूच म्हणाले. "विम्याचा हप्ता वाढला ना. एका पेशंटला भरपाई द्यावी लागली."

मास्तरांनी निमूट खिशात हात घातला.

बाहेर बाकावर एक आजी वाढलेल्या फीवरून तणतणत होत्या. "कोण मेला तो भरपाईवाला? त्याच्यापायी आम्हाला भुर्दंड!"

"खरंय, आजी," मास्तर म्हणाले. "लोकांना लाजच उरली नाही हो."

आणि डावा-उजवा, डावा-उजवा करत ते झपाझप गल्लीबाहेर पडले.