पावसाशिवाय आलेला पूर

भूगोल शिकवणाऱ्या माणसाला समुद्रकिनारा निवडायला काय लागतं हो? सात वर्षं मी पालमच्या शाळेत भूगोल शिकवतोय. नकाशावर काठी टेकवायची खोटी, पोरं डोळे मिटून कोलंबो सांगतात! म्हणून चौऱ्याहत्तरच्या दिवाळीत सासुरवाडीची मंडळी गोवा बघायला निघाली, तेव्हा मी छाती ठोकून सांगितलं, "किनारा मी निवडणार. तुम्ही फक्त येऊन बसायचं!"

या बढाईमागं एक दुखणं होतं. माझे सासरे किशनराव वालूरचे शेतकरी. मागच्या साली त्यांच्यासाठी बाजारात मी एक बैल पसंत केला. तो पहिल्याच दिवशी नांगर बघून खाली बसला, तो थेट पोळ्याला उठला! तेव्हापासून सासरे मेथीची जुडीसुद्धा मला विचारून घेत नाहीत. एकदा, फक्त एकदा, त्यांनी माझी पसंती मानावी, एवढीच माझी इच्छा होती.

तीन एसट्या बदलून आम्ही गोव्यातल्या समुद्रकाठच्या एका गावी पोचलो. मंडळींना धर्मशाळेत बसवून मी वही-पेन घेऊन एकटाच पाहणीला निघालो.

पहिल्या किनाऱ्यावर लांब केसांचे गोरे लोक फळीवर उभे राहून लाटांवरून घसरत होते. अंगावर कपडा म्हणाल तर माझ्या हातरुमालाएवढा! सासूबाईंना दाखवण्यासारखा किनारा नाही. नापास! दुसऱ्यावर मासळी वाळत घातलेली, आणि सासरे पडले माळकरी. नापास! तिसरा मात्र, काय सांगू! दोन्ही बाजूंना खडक, मधे सपाट वाळू, पाणी लांब, आणि माणूस तर नाहीच, चिटपाखरूही नाही. मी वहीत शंभरपैकी शंभर दिले. इथं चिटपाखरू का नाही, हा प्रश्न मला पडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना माझी बायको रुख्मिणी कळशी भरायला लागली.

"ठेव ती खाली!" मी म्हणालो. "वाळू तिथं झिरा! बहात्तरच्या दुष्काळात निम्मं गाव आपल्या गावच्या गंगेच्या वाळूत झिरे खांदून जगलं, विसरलीस?"

"आवो, पर ही गंगा न्हाई."

"भूगोल तुला येतो का मला?"

कळशी खाली राहिली.

जागा बघून सासरे खूश झाले. "झकास हाय गुरुजी. गंगंच्या काठावानी वाटायलंय!" त्या बैलानंतर त्यांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक! माझे पाय जमिनीला लागेनात. त्यांनी डोक्याचा पटका काढून गाठोड्यावर ठेवला, ज्वारीच्या भाकरी नि मिरचीचा ठेचा खाल्ला आणि म्हणाले, "आणा बरं आता तुमचं पानी."

मी कोपरापर्यंत वाळू उकरली. पाणी लागलं! पहिला पेला मानानं सासऱ्यांच्या हातात दिला. त्यांनी घटाघटा दोन घोट घेतले आणि तिसरा माझ्या सदऱ्यावर उडवला.

"गुरुजी, ह्यात मीठ कोन कालवलं?"

"मामा, वरचं पाणी जरा मचूळ असतं. खाली गोड लागेल!"

मी दुसरा झिरा खांदला. खारट! तिसरा खांदला. जास्तच खारट! आमची दोन्ही पोरं रडायला लागली. "आज्जी, तहान लागली!" सासूबाई सरजाबाई पदरानं त्यांचे ओठ पुसत म्हणाल्या, "गुरुजी, पानी जवळ यायलंय का हो?"

मी चौथ्या झिऱ्यात खांद्यापर्यंत आत होतो. तिथूनच ओरडलो, "मामी, पूर यायला पाऊस लागतो! आभाळात ढग तरी दिसतोय का?"

सगळ्यांनी वर बघितलं. आभाळ स्वच्छ होतं. सासऱ्यांनाही माझं म्हणणं पटलं. ते आडवे झाले.

पुढची लाट त्यांच्या अंगावरूनच गेली!

"पूर आला! पळा!" सासरे उठले तोवर भाकरीचं गाठोडं निघालं होतं, आणि त्याच्यामागं तो वीस हात लांब पटका उलगडत उलगडत समुद्रात चालला होता. लग्नाला नऊ वर्षं झाली, सासऱ्यांचं टक्कल मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

ज्या वाटेनं आलो होतो ती पाण्याखाली! एक पोर माझ्या खांद्यावर, एक रुख्मिणीच्या कडेवर, अशी सगळी वरात खडकावर चढली. शेवटी एका कोळ्यानं होडी आणून आम्हाला उतरवून घेतलं. तो हसत काय म्हणाला ते निम्मंच कळलं, पण त्यात 'भरती' हा शब्द होता.

रुख्मिणीनं माझ्याकडं असं बघितलं, की मी चौथीतला पोरगाच झालो. "भरती-ओहोटी शाळेत शिकिवता ना तुमी?"

"शिकवतो," मी म्हणालो. "पण ती दोनच मार्काला असते गं!"

दुसऱ्या दिवशी किनारा सासूबाईंनी निवडला. वही नाही, पेन नाही! रस्त्यावरच्या मासळीवाल्या बाईला त्यांनी विचारलं, "माय, तुजी लेकरं खेळायला कुठं सोडतीस?" त्या बाईनं बोट दाखवलं. गुडघाभर पाणी, माडांची सावली, आणि कडेला गोड्या पाण्याची विहीर! पोरं पाण्यातून निघेनात. सासूबाई तर साडी खोचून लाटांशी भांडायला लागल्या. मी एकटाच दूर उभा होतो. मला खरंच फार वाईट वाटत होतं.

तेवढ्यात सासऱ्यांनी हात केला. "गुरुजी, हिकडं या. तुमच्यावर एक जिम्मेदारी टाकायची हाय."

माझा जीव सुपाएवढा झाला. पळतच गेलो.

"ह्या आमच्या समद्यांच्या चपला. ह्यांच्यापाशी बसा."

"बसतो मामा!"

"आन् तोंड रस्त्याकडं करा. तुमी पान्याकडं बघितलं की ते आंगावर येतंय."

तर मंडळी, आख्ख्या पालममध्ये समुद्र बघून आलेला मी पहिला शिक्षक. त्या सहलीतला एक पूर्ण दिवस मी त्याच्याकडं पाठ करून बसलो होतो, एवढं मात्र वर्गात कुणाला सांगू नका!