लाल दिव्याची जीप

तर पोरांनो, मोबाईल खाली ठेवा आणि ऐका. एका जंगलात एकच जीप होती. एकच! आणि ती होती हणमंतराव अस्वलाची.

एके सकाळी सगुणा कोल्हिणीला कळा सुरू झाल्या. दवाखाना घाटापलीकडे. तिचा नवरा भागवत कोल्हा धापा टाकत आला. "हणमंतभाऊ, जीप काढा!"

हणमंतरावांनी लगेच काढली हां. मनाने चांगले होते ते. सगुणा मागे आडवी झाली, भागवत पुढे बसला. आणि घाटाच्या पायथ्याशी काय झालं माहितीये? स्टिअरिंगमागे टुक्‌कन एक दिवा लागला. लाल. बॅटरीचं चित्र असलेला.

हणमंतरावांनी कच्चकन ब्रेक मारला.

"भागवत, मला लाल दिवा मिळाला."

"काय मिळाला?"

"अरे, लाल दिव्याची गाडी कोणाची असते?"

"मंत्र्याची," भागवत बोलून गेला.

झालं ना! फांदीवरच्या माकडाने ऐकलं आणि अख्खं जंगल गोळा केलं. शाल आली, नारळ आला, झेंडूचा हार आला. सत्काराला घरघर नको म्हणून हणमंतरावांनी जीप बंद केली. दिवापण गेला! सगळ्यांचे चेहरे पडले. किल्ली परत अर्धी फिरवली. दिवा आला. टाळ्या!

"अहो मंत्री," मागून सगुणा ओरडली, "मी मरतेय इथे!"

"वहिनी, दोनच शब्द बोलतो."

ते दोन शब्द काही संपेनात. एकदाचे संपले, तर जीप चालू होईना. नुसती टिक टिक.

मग नारू मुंगूस आला. तो फिटर. त्याने बॉनेट उचललं.

"अल्टरनेटरची वायर कुरतडलीये. बॅटरी चार्जच होत नाहीये, म्हणून दिवा लागलाय. वायर जोडतो, धक्का मारा, गाडी पळेल. दिवा विझेल."

"विझेल?"

"मग! गाडी बरी झाली की विझतोच."

"सरकार पाडतोय!" माकड किंचाळलं. "विरोधकांचा माणूस!"

"भाऊ, पाया पडतो, जोडू द्या वायर," भागवत रडकुंडीला आला.

हणमंतरावांनी सगुणाकडे बघितलं. दिव्याकडे बघितलं. परत सगुणाकडे बघितलं.

"वहिनींना पाच वर्षं थांबता येईल का रे?"

तेवढ्यात बॉनेटमधून एक घूस बाहेर आली. तोंडात वायर.

"असू दे," हणमंतराव कौतुकाने म्हणाले. "लाल दिव्याच्या गाडीत घूस लागतेच." आणि तिला जागेवर पीए करून टाकलं.

मागून आवाज आला, कुंई! पिल्लू झालं होतं. हणमंतरावांनी लगेच फीत कापून फिरत्या प्रसूतिगृहाचं उद्घाटन केलं. परत भाषण. भाषणात दिवा मंद झाला, अजून मंद झाला, आणि गेला.

मग माकड उडी मारून म्हणालं, "ए! नारू काय म्हणाला होता? गाडी बरी झाली की दिवा विझतो. विझला! बसा, बसा!"

सगळे घुसले. नारूसुद्धा. जागा गेली असती ना!

सगुणाने पिल्लू तोंडात धरलं आणि चालत घाट ओलांडला. पिल्लू मजेत आहे. बाकीचे अजून जीपमध्येच बसलेत, आत्ता सुटेल म्हणून. भागवतपण. उतरला तर पुढची सीट जाईल.

तात्पर्य: लाल दिवा लागला की वायर जोडायची नसते, घूस जोडून ठेवायची असते. आणि दिवा विझला तर घाबरू नका, फक्त खिडकीची जागा धरा.