कंबर चेपणारी जर्मन गाडी

माणसानं आयुष्यात एकदा तरी अशी गाडी घ्यावी, की जी शिकायलाच दोन महिने लागावेत, असं गोकुळ शेजूळचं ठाम मत होतं. अख्ख्या पुंडलिकनगरात या मताचा तो एकटाच! शाळेत तो भूगोल शिकवायचा, पण फळ्यावर नद्यांपेक्षा गिअरबॉक्सच जास्त काढायचा. शेवटी दिवाळीत त्यानं मुंबईच्या एका डॉक्टरांची चौदा वर्षांची जर्मन गाडी घरी आणली. नव्या छोट्या गाडीच्या निम्म्या किमतीत!

"नवी होती तेव्हा साठ लाखांची होती!" भेटेल त्याला तो सांगायचा. "आत बत्तीस कॉम्प्युटर आहेत. बत्तीस!"

"त्यातले चालू किती?" त्याची बायको मंजुषा विचारायची.

गाडी सुरू केली की समोर सात दिवे पेटायचे. गोकुळच्या म्हणण्याप्रमाणे त्यातले पाच नुसते माहितीसाठी होते. मिस्त्रीनं तर पहिल्याच दिवशी बोनेट उघडलं, आत पाहिलं आणि अदबीनं पुन्हा लावलं. "सर, इसकी बॅटरी पहले बदलो. बाकी अल्लाह मालिक." बॅटरी जर्मनीहून मागवावी लागेल असं कळल्यावर गोकुळनं तो विषय पुढच्या पगारावर टाकला. पगार आले आणि गेले.

अशात त्याच्या धाकट्या भावाचं, सोमनाथचं जमलं. सोमनाथला तेहतिसावं लागलं होतं. चार वर्षांत एकोणीस मुली पाहून झाल्या होत्या. खरं म्हणजे एकोणीस मुलींनी त्याला पाहून झालं होतं. विसावी सायली. वाळूजच्या कंपनीत मशीन दुरुस्तीला होती, आणि तिनं चक्क हो म्हटलं! तिचे वडील कडूबा दौलताबादचे पेरूवाले शेतकरी. त्यांनी दोन महिने चौकशी केली आणि मग रविवारी दुपारी साडेबाराचा साखरपुडा धरला.

"आपण माझ्या गाडीतून जायचं," गोकुळनं जाहीर केलं.

"दादा, मी रिक्षानं येतो," सोमनाथ म्हणाला. तो खरोखर घाबरला होता. पण मोठ्या भावापुढं त्याचं काय चालणार!

गुलमंडीतून घेतलेली साडी, अंगठी, साखरेचा पुडा, नारळ सगळं डिकीत नीट ठेवलं. आणि नवल म्हणजे गाडी दौलताबादला वेळेआधी दीड तास पोहोचली! गोकुळची छाती इतकी फुगली की सीटचा पट्टा आवळायला लागला.

अंगणात गाडीभोवती गर्दी जमली. कडूबांची थोरली बहीण सरूबाई कंबरेवर हात ठेवून पुढं आली. त्या घरात पान हलायचं ते तिला विचारून.

"बसू का रं बाबा जरा? कंबर लई धरलीय."

गोकुळनं तिला मागच्या सीटवर बसवलं आणि एक बटण दाबलं. सरूबाई दचकून ओरडली, "अगं माय! आत कोन हाय?"

"कोणी नाही आत्या. मसाजचं मशीन आहे."

"मंग बंद नको करू त्याला!"

वीस मिनिटांनी सरूबाई उतरली ती सरळ चालत. बस्स! भावकीतले म्हातारे रांगेत उभे राहिले. कुणाचा मणका, कुणाचा खुबा. कुणाला काहीच नव्हतं, पण फुकट सोडायचं कशाला! उगाच पेट्रोल नको म्हणून गोकुळनं इंजिन बंद ठेवलं होतं. एसीचा पंखा सुरू, गाणी सुरू, दिवे सुरू, आणि अर्ध्या गावाच्या पाठी चेपल्या जाताहेत. गोकुळला आयुष्यात एवढा मान कधी मिळाला नव्हता.

बारा वाजता घरातून हाक आली, "साडी आणा! पोरगी नेसून पाटावर बसंल."

गोकुळनं ऐटीत डिकीचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. पडद्यावर जर्मन भाषेत एक ओळ आली आणि पडदा काळा झाला. हवेच्या फुग्यांवर तोललेल्या त्या गाडीनं मोठा उसासा टाकला आणि ती चारही चाकांवर हळूहळू खाली बसली. आत रांगेतले पुंजाराम काका पाठ चेपून घेत होते.

"थांबलं का रं? माझं आत्ताच चालू झालतं!" काका ओरडले.

कडूबा आले. "काय झालं, पाव्हणं?"

"बॅटरी उतरली, मामा."

"मंग दुसरी जोडा."

"जोडायची तर डिकी उघडायला पाहिजे. बॅटरी डिकीत आहे."

"मंग डिकी उघडा."

"डिकी बॅटरीवर उघडते."

कडूबांनी डिकीवर एक थाप मारली. "म्हंजी इहिरीत उतरायचा दोर इहिरीतच ठिवला म्हना की."

डिकीची एक लोखंडी चावीही असते, पण ती डॉक्टरांकडूनच हरवली होती. हे गोकुळनं तेव्हा सांगितलं नाही.

बारा वाजून पाच मिनिटं झाली. कुजबुज सुरू झाली. सरूबाईनं तर मोठ्यानंच विचारलं, "साडी आनलीय का न्हाई? का नुस्ती गाडी दाखवायला आलते?"

सोमनाथचा चेहरा पांढरा पडला. एकोणीस वेळा नकार पचवलेला माणूस, पण असा अंगणात, पेढ्यांच्या ताटासमोर? "दादा," तो हळूच म्हणाला, "हे मोडलं तर मी परत मुलगी बघणार नाही."

तेवढ्यात सायलीचा चुलता सांडू पहार घेऊन आला. "सरका. एका दणक्यात उघडतो."

"आधी मला मारा!" म्हणत गोकुळ डिकीवर पालथा पडला.

हा आरडाओरडा ऐकून सायलीच बाहेर आली. साध्या ड्रेसमध्ये, केसात गजरा तेवढा. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली. "दादा, बोनेटखाली करंट द्यायची जागा असंल ना?"

गोकुळ उठून बसला. एवढ्या महिन्यांत बरोबर प्रश्न विचारणारं हे पहिलंच माणूस! "आहे की! पण माझी वायर…"

"डिकीत हाय," सगळं अंगण एका सुरात म्हणालं.

"इहिरीवरच्या मोटारीची जाड केबल हाय," कडूबा म्हणाले. "सांडू, ट्रॅक्टर आन."

"ट्रॅक्टर?" गोकुळ किंचाळला. "मामा, बत्तीस कॉम्प्युटर आहेत! ट्रॅक्टरच्या बॅटरीनं…"

"अहो," मंजुषा शांतपणे म्हणाली, "तुम्हाला कॉम्प्युटर बत्तीस आहेत. भाऊ एकच आहे."

गोकुळनं डोळे मिटून बोनेटचा खटका ओढला. ट्रॅक्टर धडधडत आला, सायलीनं केबल जोडली, दोन ठिणग्या उडाल्या. गोकुळनं कुलदैवताचं नाव घेतलं. मग गाडी जागी झाली! सातच्या सात दिवे लागले, गाणी सुरू झाली, आणि गाडी म्हशीसारखी आधी मागून, मग पुढून उठली. डिकी आपोआप उघडली. मंजुषानं साडी उचलली आणि ती धावत सुटली. बारा सत्तावीसला सायली पाटावर बसली, साखरेचा पुडा हातात पडला, आणि सोमनाथनं सकाळपासून पहिल्यांदा श्वास घेतला. पुंजाराम काका मात्र जेवायलाही गाडीतून उठेनात. त्यांची पाळी अर्धवट राहिली होती.

जेवणं झाल्यावर कडूबा बैठकीत खाकरले. "पाव्हणं, पोरगी दिली. पर आमची एक अट हाय."

सोमनाथच्या हातातला विडा तसाच राहिला.

"लग्नाला ही गाडी आनायचीच."

"बघितलंस?" गोकुळनं मंजुषाला कोपर मारलं. "मामा, नवरानवरीला मी स्वतः…"

"नाय नाय! नवरानवरी ट्रॅक्टरवर. त्याचा भरवसा हाय. गाडी मांडवाच्या मागं उभी करायची, सरूआक्काच्या कंबरंसाठी. अन् इंजिन चालू ठिवायचं."

सोमनाथचं लग्न थाटात झालं. फोटोंचा अल्बमही सुंदर आला. त्यात गोकुळ मात्र कुठंच नाही. ना अंतरपाटाजवळ, ना पंगतीत. भावाच्या लग्नात तो दिवसभर मांडवाच्या मागं, ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून बसला होता, आणि दर दहा मिनिटांनी ओरडत होता, "चला, पुढचे!"