चार जास्तीच्या ओळी

"पंधरा मिनिटांचं काम आहे," असं घड्याळजींनी सकाळी दहाला जाहीर केलं, तेव्हाच त्यांच्या बायकोने आजचं जेवण वेळेवर होण्याची आशा सोडली.

दुकानाची वेबसाइट जुन्या होस्टिंगवरून नव्या होस्टिंगवर न्यायची होती.

"आज राहू द्या," बायको म्हणाली. "चौकातल्या मनोऱ्याच्या घड्याळाच्या दुरुस्तीबद्दल पालिकेची मेल यायचीय. पाचच्या आत होकार कळवला नाही, तर काम दुसऱ्याला जाईल."

"मेलचा इथे काय संबंध? आपण फक्त घर बदलतोय."

आठवडाभर वाचून त्यांना एवढं उमगलं होतं की डोमेन म्हणजे दुकानाचं नाव, होस्टिंग म्हणजे घर, आणि त्या नावाने कुठल्या घरी जायचं हे जिथे लिहिलेलं असतं ते रेकॉर्ड. झाकण दिसलं की त्यांची बोटं शिवशिवायची. हे तर भलं मोठं झाकण होतं.

रेकॉर्डच्या पानावर पाच ओळी निघाल्या. नव्या होस्टिंग कंपनीच्या पत्रात एकाच ओळीचा उल्लेख होता: 'ए' लिहिलंय तिथला आकडा बदला. बदलला. बाकीच्या चार ओळींकडे घड्याळजी चष्मा वर-खाली करून बघत राहिले. एकीवर 'एमएक्स' लिहिलं होतं. उरलेल्या तिघी तर कुणीतरी टंकयंत्राच्या कळांवरच बसल्यासारख्या दिसत होत्या. पत्रात नाहीत, म्हणजे जुन्या घरातली अडगळ. त्यांनी चारही ओळी उडवल्या आणि हात झटकले.

मग मेहुणीला फोन लावला. "नवी साइट दिसतेय का बघ."

"भावोजी, इथे तुमच्या डोक्यावर केस आहेत."

म्हणजे जुनी साइट, जुन्या फोटोची. बायकोच्या फोनवर मात्र टक्कल होतं. घड्याळजींना मोठी गंमत वाटली. त्यांनी शिंप्याला विचारलं: केस. दंतवैद्याला विचारलं: टक्कल. जुना पत्ता काही यंत्रांच्या डोक्यात काही तास टिकून राहतो, असा शोध लागल्यावर ते गल्लीभर फोन करत सुटले. निम्म्या गल्लीत ते दहा वर्षांनी तरुण होते.

तीन वाजले तरी मेल आली नाही.

"पालिका ती पालिकाच," घड्याळजी म्हणाले.

बायकोने सरळ तिथल्या कारकुनाला फोन केला. ऐकताना तिचा चेहरा बदलत गेला.

"दोनदा पाठवली म्हणे. दोनदा परत गेली. या पत्त्यावर असं कुणी नाही, असं उत्तर आलं. साहेबांना वाटलं आपण दुकान गुंडाळलं." ती नवऱ्याकडे वळली. "अहो, तुम्ही काही काढलंत का?"

"काढलं नाही. आवरलं."

बायकोने वाद घातला नाही. नवरा काहीही उघडायला बसला की आधी त्या वस्तूचा फोटो काढायचा, ही तिची लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी लागलेली सवय. सकाळी स्वयंपाकाच्या ओट्याकडे जाता जाता तिने संगणकाच्या पडद्याचाही फोटो काढला होता. घड्याळजींनी त्यावरून चारही ओळी अक्षर न् अक्षर परत घातल्या. घालताना कळलं, एमएक्सची ओळ म्हणजे टपाल कुणाच्या हाती द्यायचं त्याचा पत्ता. ती गेल्यावर टपाल नव्या घरी गेलं, आणि तिथे यांना कुणी ओळखत नव्हतं.

"मग आता सुरू?"

"काही वेळ लागेल. यंत्रांच्या डोक्यात जुनंच असतं ना," घड्याळजी पडेल आवाजात म्हणाले. सकाळची गंमत आता मुळीच गंमत वाटत नव्हती.

बायकोने कारकुनाला पुन्हा फोन करून मेल आणखी एकदा पाठवायची विनंती केली. बराच वेळ बोलली. मधे दोनदा हसलीही.

पाचला आठ मिनिटं असताना मेल आली. काम त्यांचंच होतं. खाली नव्याने घातलेली एक ओळ होती: 'मनोऱ्यातला कुठलाही भाग, कितीही जास्तीचा वाटला तरी, कार्यालयाला विचारल्याशिवाय काढू नये.'

"हे यांना कुणी सांगितलं?"

"मेल परत का येत होती, असं त्यांनी विचारलं. मी काय, खोटं बोलू?"

"ही अट अपमानकारक आहे."

"मग नकार कळवू?"

घड्याळजींनी भिंतीवर पाहिलं. पाचला तीन मिनिटं.

"होकार कळव," ते म्हणाले. "आणि खाली लिही, अट मान्य."