चिंध्या बांधलेली वांगी

माणसाने व्याह्याच्या वावरात उभं राहून शेतीबद्दल बोलू नये. पुंडलिकराव बोलले. दिवाळीनंतर ते सुनेच्या माहेरी, आष्टीला गेले होते. व्याही ज्ञानेश्वरराव यांचा तिथे चार एकरांत भाजीपाला. पिकेल ते आठवडी बाजारात जातं. वावरातच भरिताचं जेवण झालं, आणि भरीत इतकं फक्कड जमलं होतं की पुंडलिकरावांना ते सहन झालं नाही.

"मार्चमध्ये तुमी आमच्याकडे या, इवाई," हात धुता धुता ते म्हणाले. "भरीत खाऊ घालतो. विकतच्या वांग्याचं नाई. माह्या गच्चीवरच्या वांग्याचं."

ज्ञानेश्वरराव शांत माणूस. त्यांनी एवढंच विचारलं की, गच्चीवर माती कशात घालता? पुंडलिकराव म्हणाले, डब्यात. व्याही हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. ते फक्त "अच्छा" म्हणाले आणि पानाला चुना लावू लागले. तो "अच्छा" पुंडलिकरावांना पुलगाव येईपर्यंत एसटीच्या सीटमधून टोचत राहिला.

पुंडलिकराव तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात होते. रिटायर झाल्यावर त्यांनी गच्चीचा ताबा घेतला. रंगाच्या रिकाम्या बादल्या, तेलाचे पिपे, एक फुटका हंडा, ज्यात म्हणून माती राहील त्यात त्यांनी माती घातली. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात त्यांचे टमाटे झाडावरच शिजले होते. तेव्हा गोपिकाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, वर जाऊन फक्त तिखट-मीठ टाकून यायचं बाकी आहे, असा शेरा मारला होता. पण त्या अपयशातून पुंडलिकराव शिकले होते. वांग्याला खोल जागा लागते, आणि घरात सगळ्यात खोल वस्तू म्हणजे कूलरची टाकी. हिवाळ्यात कूलर रिकामाच पडून असतो. त्यांनी टाकी सोडवून गच्चीवर नेली आणि पाणी साचू नये म्हणून ड्रिलने तिच्या बुडाला शास्त्रशुद्ध सहा भोकं पाडली.

"आन् उन्हाळ्यात?" गोपिकाबाईंनी विचारलं.

उन्हाळ्याचं उन्हाळ्यात पाहू, असं उत्तर मिळालं. मुलगा बुटीबोरीच्या कारखान्यात, रविवारचाच काय तो घरी. त्याला कोणी विचारलंच नाही. फेब्रुवारी संपता संपता पुलगावात ऊन तापायला लागलं, शेजारीपाजारी कूलर घरघरू लागले, आणि या घरातली माणसं टेबलफॅनसमोर पाळी लावून बसू लागली. वर वांग्याला मात्र थाट होता! खालून पालापाचोळा, डोक्यावर हिरवी नेट आणि पश्चिमेच्या बाजूने त्याच कूलरच्या वाळ्याच्या ताट्या, त्याही दिवसातून दोनदा भिजवलेल्या.

आता घरातल्या एका नियमाबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. पावसाळ्यात पिप्यातल्या वेलाला तीन दोडकी लागली होती. शेजारच्या शोभाबाई गच्चीच्या कठड्यापाशी आल्या तेव्हा पुंडलिकरावांनी त्यांना ती एकेक करून, बोट दाखवून, मोजून दाखवली. आठ दिवसांत तिन्ही पिवळी पडून गळाली. पुंडलिकरावांच्या मते दुसऱ्या मजल्यावर मधमाश्या पोचत नाहीत, म्हणून परागीभवन झालं नव्हतं. गोपिकाबाईंच्या मते कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते सडतं, हे शेंबडं पोरही सांगेल. पुंडलिकरावांचं कारण लांबलचक होतं आणि गोपिकाबाईंचं छोटं, त्यामुळे गोपिकाबाईंचं टिकलं. त्या दिवसापासून घरात कायदा झाला. झाडावरच्या फळाला बोट दाखवायचं नाही, ते मोजायचं नाही, आणि त्याच्याबद्दल तोंडाने बोलायचंही नाही. पुंडलिकराव विज्ञाननिष्ठ होते, पण दोडकी त्यांनीच गमावली होती. त्यांनी कायदा मानला.

वांग्याच्या झाडाला पाच फळं धरली. पाचही टपोरी, हिरवी, पांढऱ्या रेषांची, भरिताची. पाहुण्यांची तारीख ठरली होती, मार्चचा दुसरा रविवार. पाच वांग्यांत पाच माणसं जेवतील, असा हिशेब पुंडलिकरावांनी मनातच केला, कारण मोठ्याने करायची सोय नव्हती. पण ही वांगी पाहुण्यांसाठी राखलेली आहेत, कोणी मधेच तोडून भाजीत घालू नयेत, हे घरच्यांना सांगायचं कसं? त्यांनी जुना लाल गमछा फाडला, त्याच्या पाच चिंध्या केल्या आणि प्रत्येक वांग्याच्या देठाला एक चिंधी बांधली. बोट नाही, बोलणं नाही. आपल्या युक्तीवर ते इतके खूश झाले की त्या दिवशी टेबलफॅनची आपली पाळी त्यांनी सुनेला देऊन टाकली.

सून उज्वला संध्याकाळी पाणी घालायला वर गेली आणि चिंध्या पाहून थबकली. ती शेतकऱ्याची लेक. तिच्या माहेरी सगळ्यात चांगल्या झाडावरचं सगळ्यात चांगलं फळ बियाण्यासाठी राखतात आणि त्याला चिंधी बांधतात. ते पिकून पिवळं होईपर्यंत कोणी त्याला हात लावत नाही. लावला तर ज्ञानेश्वरराव तोच हात झोडपतात. सासऱ्यांना हे ठाऊक असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिला त्यांच्याबद्दल एकदम आदर वाटला, आणि त्या भरात तिने वडिलांना फोन केला.

"पाच?" ज्ञानेश्वरराव पलीकडून म्हणाले. "पाच वांग्यांत तर एकरभर रोप होते. गच्चीवर नांगर चालवून राह्यले का तुहे मामाजी?"

दुसऱ्या दिवशी गोपिकाबाई वाळवण घालायला वर गेल्या. त्यांनाही चिंध्या दिसल्या. नवऱ्याला उशिरा का होईना अक्कल आली आणि त्याने नजर लागू नये म्हणून काहीतरी बांधलं, याचं त्यांना समाधान वाटलं. मात्र नजरेसाठी काळी चिंधी लागते, लाल नाही, एवढंही या माणसाला कळू नये! त्यांनी जुन्या छत्रीचं कापड फाडलं आणि लाल चिंध्यांच्या शेजारी पाच काळ्या बांधल्या.

पुंडलिकरावांनी काळ्या चिंध्या पाहिल्या आणि ते विचारात पडले. कोणी बांधल्या? कशासाठी? विचारावं तर वांग्याचा विषय काढावा लागणार. बहुतेक घरच्यांनी आपली खूण मान्य करून त्यावर पोच दिली असावी, असा त्यांनी ऑफिसच्या सवयीने अर्थ लावला.

कठड्यापलीकडून शोभाबाई हे सगळं पाहत होत्या. झाडाला एक चिंधी असती तर त्यांनी सोडून दिलं असतं. पण लाल आणि काळ्या मिळून दहा चिंध्या, वर छत, आजूबाजूला भिजवलेल्या ताट्या, आणि रोज सकाळी झाडापुढे मुकाट्याने उभे राहणारे पुंडलिकराव! शोभाबाईंनी आयुष्यात नवसाची झाडं कमी पाहिली नव्हती. त्यांनी गोपिकाबाईंना आडून विचारलं, तर गोपिकाबाई ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या की त्याबद्दल बोलायचं नसतं. शोभाबाईंची खात्रीच झाली. त्यांच्या वर्षालीचा पोलीस भरतीचा निकाल अडकला होता. त्यासाठी गिरडच्या टेकडीवर नवस बोलून यायचं त्यांच्या मनात होतं, पण गुडघे ऐकत नव्हते. मंगळवारी त्या दुपारी हळूच आल्या आणि एक पिवळी चिंधी बांधून गेल्या.

गुरुवारी निकाल लागला. वर्षाली पास!

शुक्रवारी सकाळी पुंडलिकराव पाण्याची झारी घेऊन वर गेले तेव्हा गच्चीवर चार बायका होत्या. त्यातल्या दोघींना ते ओळखतही नव्हते. एकीच्या हातात नारळ होता. तिने त्यांना झारी बाजूला ठेवून चपला काढायला सांगितलं. त्यांनी काढल्या. स्वतःच्या गच्चीवर, तापायला लागलेल्या फरशीवर ते अनवाणी उभे राहिले आणि नेमकं काय चाललंय हे विचारण्यासाठी कोणाकडे पाहावं हेच त्यांना कळेना. झाडाला हिरव्या, निळ्या, बुट्ट्यांच्या, एक तर चक्क लेसची, अशा मोजवत नाहीत इतक्या चिंध्या होत्या. लाल चिंध्याही आता पंधरा-वीस झाल्या होत्या आणि त्यातल्या आपल्या कोणत्या हे गमछा ज्याने फाडला त्यालाही सांगता येत नव्हतं.

त्यांनी सोडवायला म्हणून एका गाठीला हात घातला, तर शोभाबाईंनी कठड्यापलीकडून अडवलं. "ज्यानं बांधली त्यानंच सोडायची असते, भाऊजी. दुसऱ्याचा नवस काऊन तोडता?"

ते खाली आले. व्याही परवा येणार होते. सगळ्या गल्लीचे नवस झाले, पण त्यांना स्वतःला फक्त भरीत हवं होतं, आणि त्या एका "अच्छा"चं उत्तर. शनिवारी संध्याकाळी त्यांनी बायकोला आणि सुनेला समोर बसवलं आणि कायदा न मोडता, अत्यंत काळजीपूर्वक शब्द निवडून ते बोलले.

"उद्याचं तुमाले दोघींले माहीत हाय. मी चिंध्या कायले बांधल्या तेही माहीत हाय. त्याच्यापरमानंच करजा."

गोपिकाबाईंनी मान हलवली. नजरही लागू द्यायची नाही आणि नवसही तुटू द्यायचा नाही, म्हणजे हात लावायचा नाही. उज्वलानेही मान हलवली. बियाण्याला हात लावायचा नाही. दोघींची मान इतकी ठाम हलली की पुंडलिकरावांचा जीव भांड्यात पडला. आठवडाभरात पहिल्यांदाच त्या घरात सगळ्यांचं एकमत झालं होतं.

रविवारी सकाळच्या गाडीने ज्ञानेश्वरराव आले. मुलीच्या घरी जाताना शेतकरी रिकाम्या हाताने जात नाही. त्यांच्या खांद्यावर थैली होती. पुंडलिकरावांनी ती घेऊन थेट स्वयंपाकघरात दिली आणि व्याह्यांना आधी शेजारच्या नाचणगावचा फेरफटका करवून आणला, म्हणजे मागे निवांत वांगी भाजता यावीत. परत आले तेव्हा भाजलेल्या वांग्याचा वास फाटकापर्यंत आला होता. तो वास छातीत भरून घेऊन पुंडलिकराव दोन इंच उंच झाले.

मुलगाही आला होता. पंगत बसली. भाकरी, ठेचा, हिरव्या कांद्याची पात आणि मधोमध भरीत. पुंडलिकरावांनी पहिला घास घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. मग ते जे सुटले ते थांबेचनात. डब्यातल्या मातीत ताकद कशी एकवटते, गच्चीवरच्या वाऱ्याने साल कशी पातळ राहते, हे सगळं त्यांनी सांगितलं. ज्ञानेश्वरराव खाली मान घालून जेवत होते.

"राग मानू नका, इवाई," पुंडलिकराव शेवटी म्हणाले. "तुमच्या वावरातलं वांगं चांगलंच असते. पण थोडं पानचट लागते. या वांग्याले पाहा कशी चव हाय."

ज्ञानेश्वररावांनी एक घास घेतला. तो पुष्कळ वेळ चावला. "चांगलं हाय," ते म्हणाले. "ओळखीचं लागते."

उज्वला पाणी आणायला म्हणून उठली ती बराच वेळ परतली नाही.

जेवणं झाल्यावर व्याही आपणहून म्हणाले, "चला, झाड तर पाहू." पुंडलिकराव जिन्यात पुढे होते. वर शोभाबाई आणि वर्षाली नवस फेडायला आल्या होत्या. पिवळी चिंधी सोडून त्यांनी झाडापुढे पेढे ठेवले होते. त्यांनी दोघांच्याही हातावर एकेक पेढा ठेवला आणि झाड किती गुणाचं आहे ते पाहुण्यांना सांगितलं. ज्ञानेश्वररावांनी न सांगता चपला काढल्या. पुंडलिकरावांनी नेट बाजूला सारली.

चिंध्यांच्या आत, देठाला घट्ट, एक, दोन, तीन, चार, पाच. त्यांनी मोजली. मोठ्याने, बोट लावून मोजली. पाचच्या पाच जागेवर होती.

ते पुन्हा मोजू लागले. मग त्यांनी व्याह्यांकडे पाहिलं, मग मागे जिन्याच्या दारात उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं.

"मंग आपण खाल्लं काय?"

"बाबांच्या थैलीतले," उज्वला पदराशी चाळा करत म्हणाली. "हे तर तुमी बियाण्यासाठी ठेवले ना, मामाजी?"

"बियाण्यासाठी कायले? नजरेसाठी बांधले त्याइनं," तिच्या मागून गोपिकाबाई म्हणाल्या.

पुंडलिकरावांच्या हातातला पेढा हातातच राहिला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं, पण ते दुसऱ्या मजल्यावर होते आणि खाली त्यांचाच दिवाणखाना होता. जेवताना काढलेला एकेक शब्द त्यांना आठवला. पानचट हा शब्द तर दोनदा आठवला. व्याही आता काय बोलतील त्याची ते वाट पाहत राहिले; चार माणसांत झालेल्या शोभेपेक्षा ती वाट पाहणं जास्त वाईट होतं.

ज्ञानेश्वररावांनी झाडाकडे बघून दोन्ही हात जोडले. मग गळ्यातल्या दुपट्ट्याच्या काठाची एक पट्टी टर्रकन फाडली आणि सगळ्यात मोठ्या वांग्याच्या वरची फांदी ओढून तिच्याभोवती गुंडाळली.

"तुमाले काय मागायचं राह्यलं, बापा?" शोभाबाईंनी कौतुकाने विचारलं.

"जास्त नाई," गाठ मारता मारता ज्ञानेश्वरराव म्हणाले. "पुढच्या खेपेले इवायाच्या घरचं भरीत खायले मिळो."

फांदी निसटत होती. पुंडलिकराव पुढे झाले, आणि व्याह्यांची गाठ नीट बसेपर्यंत त्यांनी ती धरून ठेवली.